महामार्गावर गाडी थरथरते? आधी लक्षण ओळखा, मग खर्च करा

भाजीपाला, फळे, फुले व दूध बाजारपेठेत नेण्यासाठी अनेक शेतकऱ्यांकडे आज स्वतःची जीप किंवा पिकअप असते. गावच्या रस्त्यावर ताशी ४० कि.मी. वेगाने शांत चालणारी गाडी महामार्गावर ७०-८० चा वेग घेताच थरथरू लागते, असा अनुभव अनेकांना येतो. ७०१ कि.मी. लांबीचा नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. अशा रस्त्यावर गाडी तासन् तास एकाच वेगाने धावते आणि एरवी न जाणवणारे दोष उघडे पडतात. या थरथरीमागे रिमला चिकटलेला चिखल असू शकतो, तसेच सुटत आलेले चाकही असू शकते. म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये आणि अंदाजाने सुटे भागही बदलू नयेत.

कंप का निर्माण होतो?

गाडीच्या चाकाचा घेर साधारण २ मीटर असतो. ताशी ८० कि.मी. वेगाला असे चाक सेकंदाला सुमारे ११ फेरे घेते. रिमच्या आत, मध्यापासून २० सें.मी. अंतरावर केवळ ५० ग्रॅम चिखल वाळून बसला असेल, तर या वेगाला तो चाकाला सुमारे ५ किलो वजनाइतका ओढा देतो. ४० च्या वेगाला हाच ओढा सव्वा किलोच्या आसपास असतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की ओढा चौपट होतो. गावात न जाणवणारा दोष महामार्गावर जाणवतो तो यामुळेच.

घरी करावयाची पाहणी

१) चारही चाके आतील बाजूनेही पाण्याने स्वच्छ धुवावीत. काळ्या जमिनीतून गाडी आणल्यावर हे अवश्य करावे. अनेकदा थरथर एवढ्यानेच थांबते.

२) टायर थंड असताना हवा तपासावी. हवेचा दाब गाडीच्या दरवाजाजवळील पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावा. रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी तो वेगळा असू शकतो.

३) टायरला फुगवटा, चीर किंवा एका ठिकाणी जास्त झीज आहे का ते पाहावे. फुगवटा आलेला टायर वापरूच नये. खाचांची खोली १.६ मि.मी. पेक्षा कमी झाल्यास टायर बदलावा.

४) चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. चाक काढून बसविल्यावर ५० ते १०० कि.मी. नंतर ते पुन्हा तपासावेत.

५) सपाट जागी, इतर चाकांना उटी लावून, पुढील चाक जॅकवर उचलावे. चाक वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवल्यास बेअरिंग किंवा बॉल जॉइंट पाहावा. डावी-उजवीकडे धरून हलविल्यावरच खेळ जाणवत असेल, तर टाय रॉड एंड झिजल्याची शक्यता असते. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली शिरू नये.

रस्त्यावरील परीक्षण

वरील पाहणीत धोकादायक दोष न आढळल्यासच हे परीक्षण करावे. सरळ, मोकळ्या रस्त्यावर व वेगमर्यादेच्या आत गाडी चालवावी. शेजारी बसलेल्या व्यक्तीने नोंद घ्यावी. आधी रिकाम्या, नंतर नेहमीच्या वजनाच्या गाडीवर परीक्षण करावे.

• स्टिअरिंग थरथरते : दोष बहुधा पुढील चाकांत.

• सीट व तळ थरथरतो : मागील चाके किंवा प्रॉपेलर शाफ्ट.

• ठराविक वेगालाच सुरू होते व त्यापुढे कमी होते : चाकाचे बॅलन्सिंग बिघडले असावे.

• फक्त ब्रेक दाबल्यावर : ब्रेकची डिस्क किंवा ड्रम वाकडा-तिकडा झिजला असावा.

• फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर : पिकअपमध्ये प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, तर पुढील चाकांना ओढ असलेल्या कारमध्ये ॲक्सलचा जॉइंट तपासावा.

• वजन भरल्यावर कंप बदलतो : शाफ्टचा कोन, सेंटर बेअरिंग व पाट्यांचे बोल्ट पाहावेत.

• वेग तोच ठेवून गिअर बदलल्यावर कंप बदलतो : दोष चाकांत नसून इंजिन किंवा त्याच्या माउंटिंगमध्ये असण्याची शक्यता. गाडी उभी करून इंजिनचा वेग वाढवूनही याची खात्री करता येते.

गॅरेजमध्ये काय सांगावे?

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट या दोन भिन्न गोष्टी आहेत. बॅलन्सिंगमध्ये यंत्रावर चाक फिरवून रिमला लहान वजने लावतात. अलाइनमेंटमध्ये चाकांचे कोन जुळवितात. ते बिघडल्यास गाडी एका बाजूला ओढते व टायर कडेने झिजतो. पण थरथरीचे ते सहसा थेट कारण नसते. म्हणून प्रथम बॅलन्सिंग करावे. त्यानंतरही कंप राहिल्यास, सर्व चाके एकाच मापाची असतील तर पुढची चाके मागे व मागची पुढे बसवून पाहावीत. कंप स्टिअरिंगकडून सीटकडे सरकला, तर दोष चाकातच आहे हे नक्की. अशा वेळी रिम वाकली आहे का किंवा टायर आतून फाटला आहे का ते तपासून घ्यावे.

केव्हा लगेच थांबावे?

कंप अचानक सुरू झाला, झपाट्याने वाढत गेला किंवा सोबत धप-धप आवाज येऊ लागला, तर टायर फुटण्याची किंवा चाक निखळण्याची वेळ जवळ आलेली असू शकते. अशा वेळी जोरात ब्रेक मारू नये. ॲक्सिलरेटर सोडून, इंडिकेटर देऊन गाडी हळूहळू डाव्या कडेला घ्यावी. सर्वांना गाडीपासून दूर, रस्त्याच्या कठड्याबाहेर उभे करावे. बाजार गाठण्याच्या घाईत तशीच गाडी पुढे दामटू नये. मालाचा एक दिवसाचा भाव गेला तरी तो पुढे मिळेल. गाडीतील माणसे मोलाची आहेत.

किती वेगाला, कोठे व काय करताना कंप येतो, या तीन गोष्टी कागदावर लिहून मेकॅनिकला दिल्यास दोष लवकर सापडतो आणि विनाकारण होणारा खर्च वाचतो.