शिपायासाठी कोरे कार्ड



दूरच्या ठाण्यावर असलेल्या शिपायास घरून काय पाठवावे, हा प्रश्न नाताळ जवळ आला म्हणजे पुष्कळ मंडळ्यांत निघतो. खाऊ, लोकरीचे मोजे, पैसे ह्या गोष्टी लवकर सुचतात. हाताने केलेले साधे कार्ड मात्र मागे राहते. कारण त्यास मोल थोडे लागते व ते मुलांचे काम होय अशी आपली समजूत असते. तथापि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेतील अनेक स्त्रीपुरुषांनी हे काम मोठ्या मनोभावे केले, आणि ते करीत असता दानाविषयी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ती ही की, दान काय असावे व कसे असावे हे घेणाऱ्याची गरज पाहून ठरवावे. ह्या धड्यात तिचाच विचार करू.

१. कोरे कार्ड कशासाठी?

अमेरिकेचे सैन्य २००१ पासून २०२१ पर्यंत अफगाणिस्तानात व २००३ पासून २०११ पर्यंत इराकात होते. त्या काळी शिपायांचे आभार मानणारी कार्डे घराघरांत, शाळांत व मंडळ्यांत तयार होत असत. २००७ साली सुरू झालेले जे काम ‘ऑपरेशन राइट होम’ ह्या नावाने ओळखले गेले, त्याच्या मुळाशी थोडा निराळा विचार होता. अनोळखी माणसाने आभार मानले म्हणजे शिपायास बरे वाटते खरे. परंतु त्याच्या मनास ओढ असते ती आपल्या बायकोस, लेकरास व आईस चार ओळी लिहिण्याची. रेताड मुलखातील ठाण्यावर त्याने सुरेख कार्ड आणावे कोठून? म्हणून कार्ड करणाऱ्या मंडळींनी दर्शनी बाजूस चित्र काढावे, वाढदिवसाचे किंवा आठवणीचे दोन शब्द लिहावे, आणि आतील बाजू कोरी ठेवून लिफाफ्यासह ती शिपायास पाठवावी, अशी रीत पडली. युद्धक्षेत्रात असलेल्या अमेरिकन शिपायास घरी साधे पत्र पाठविण्यास तिकीट लागत नसे. तिकिटाच्या जागी स्वहस्ते ‘फ्री मेल’ असे लिहिले म्हणजे पुरे होई. अशा रीतीने लाखो कार्डे गेली. त्यांच्या पेट्यांत आभाराची पत्रेही असत, परंतु मुख्य भाग कोऱ्या कार्डांचा असे.

ह्यातील मर्म पाहा. आभाराचे कार्ड शिपायास घेणारा करते. कोरे कार्ड त्यास देणारा करते. घरापासून दूर असलेल्या बापाच्या हाती ते पडले म्हणजे लेकीचा वाढदिवस त्यास आपल्या अक्षराने साजरा करता येतो. हे अक्षर किती मोलाचे असते, हे त्या दोन युद्धांच्या हिशोबावरून समजेल. अफगाणिस्तानात २,४०० हून अधिक व इराकात ४,४०० हून अधिक अमेरिकन सैनिक मृत्यू पावले. ज्या घरी माणूस परत आला नाही, त्या घरी त्याच्या हातचे एक कार्ड उरले असेल, तर ते करणाऱ्या बाईने किती दिले हे तिला स्वतःलाही कधी कळणार नाही.

२. हा विचार नवा नाही

पहिल्या महायुद्धातही दोन चांगली उदाहरणे घडली. १९१४ च्या नाताळासाठी इंग्लंडची राजकन्या मेरी हिच्या नावाने सैनिकांस पितळेच्या लहान डब्या वाटण्यात आल्या. त्यांत बहुतेकांसाठी तंबाखू होती. परंतु शीख तंबाखूस शिवत नाहीत हे ध्यानात घेऊन त्यांच्यासाठी खडीसाखर व मसाल्याची डबी ठेवण्यात आली. भेट एकच, पण ज्यास द्यावयाची त्याच्याकडे पाहून तिच्यात फेर केला.

दुसरे उदाहरण वाय.एम.सी.ए. ह्या संस्थेचे. हिंदी फौज १९१४ च्या अखेरीस फ्रान्सात गेली. पुढे मेसोपोटेमियात ‘पुणे डिव्हिजन’ लढली, व तिच्यातील मराठा पलटणी कूट येथील वेढ्यात सापडल्या. दोन्ही रणभूमींवर ह्या संस्थेने हिंदी सैनिकांसाठी काम केले. तिच्या तंबूंत लिहिण्याचा कागद फुकट मिळे, आणि ज्या शिपायास अक्षरओळख नसे त्याच्यासाठी पत्र लिहून देणारा मनुष्यही भेटे. कोरा कागद व लिहिणारा हात, ह्याहून अधिक काही त्या वेळी त्या शिपायास नको होते.

३. नियम व त्यांची कारणे

अशी कार्डे स्वीकारणाऱ्या अमेरिकन संस्थांनी कडक नियम केले. ते वाचून पुष्कळांस प्रथम वाईट वाटे, पण प्रत्येक नियमामागे कारण होते.

पहिला नियम, चमकी लावू नये. चमकीचे कण हातास, कपड्यांस व हत्यारांस चिकटतात आणि झटकून जात नाहीत. ज्याचे रक्षण दडून राहण्यात आहे, त्याच्या अंगावर प्रकाशात लकाकणारे कण नकोत.

दुसरा नियम, कार्ड ठराविक मापाचे असावे. सव्वाचार इंच रुंद व साडेपाच इंच उंच हे माप बहुधा ठरलेले असे. कारण ते नेहमीच्या लिफाफ्यात बसते व पेटीत नीट रचता येते. जाड मणी, बटणे व उंच फुले लावलेली कार्डे दूरच्या प्रवासात मोडतात.

तिसरा नियम, साल व तारीख लिहू नये, आणि आपला पत्ता, दूरध्वनीचा क्रमांक अथवा मुलाचे पूर्ण नाव घालू नये. कार्ड कोणाच्या हाती व केव्हा पडेल हे पाठविणारास ठाऊक नसते.

चौथा नियम, कार्डे वाटेल तशी पाठवू नयेत. पूर्वी अमेरिकेत ‘कोणाही सैनिकास’ असे लिहून पत्र टाकता येत असे. २००१ साली तेथे अँथ्रॅक्स रोगाचे जंतू टपालातून पाठविण्यात आले व ५ माणसे मेली. तेव्हापासून सैन्याने बिननावी टपाल घेण्याचे बंद केले. म्हणून कार्डे एखाद्या जबाबदार संस्थेकडे जात, तेथे एकेक तपासले जाई, आणि मगच पेटी रवाना होई.

ज्यास हे नियम जाचक वाटतात, त्याने स्वतःस विचारावे की, आपण कार्ड करतो ते आपली कला दाखविण्यासाठी की शिपायाच्या उपयोगासाठी?

४. कार्डातील शब्द

मजकूर थोडा व सरळ असावा. युद्ध, शत्रू, मरण ह्यांविषयी लिहू नये. लढाईच्या कारणांविषयी वादही घालू नये. शेत, पाऊस, शाळा, घरचे बैल अशा साध्या गोष्टींचे दोन शब्द अधिक गोड लागतात. शिपाई तरुण पोरगा असेल, चार लेकरांचा बाप असेल किंवा स्त्री असेल, हे ध्यानात ठेवून लिहावे.

एका गोष्टीविषयी आपण ख्रिस्ती लोकांनी विशेष जपावे. कार्डाच्या निमित्ताने आपल्या धर्माची पत्रके आत घालण्याचा मोह होईल. अफगाणिस्तान व इराक येथील अमेरिकन सैनिकांस कोणत्याही धर्माचा प्रचार करण्याची लष्करी हुकुमाने मनाई होती. पहिल्या महायुद्धात वाय.एम.सी.ए.नेही हिंदी सैनिकांत धर्मप्रचार करावयाचा नाही, ही अट पत्करूनच काम केले होते. कार्ड हिंदू, मुसलमान, शीख, बौद्ध किंवा ख्रिस्ती, कोणाच्याही हाती पडेल. ज्यास नको म्हणून उठून जाता येत नाही, त्याच्यावर आपला उपदेश लादणे हे प्रीतीचे लक्षण नव्हे. प्रार्थना आपण घरी करावी. कार्ड त्याचे त्यास वापरू द्यावे.

५. आपल्या गावी काय करता येईल?

महाराष्ट्रात सातारा, कोल्हापूर, सांगली ह्या जिल्ह्यांतील कित्येक गावांत घराघरांतून शिपाई गेलेले आहेत. रक्षाबंधनास शाळेतील मुली सैनिकांस राख्या पाठवितात, आणि २०१६ च्या दिवाळीत सैनिकांस संदेश पाठवावे असे आवाहन पंतप्रधानांनी देशास केले होते. ही रीत चांगली आहे. तिच्यात आपण एवढीच भर घालावी की, प्रत्येक शुभेच्छापत्राबरोबर दोन कोरी कार्डे व दोन लिफाफे ठेवावे.

आरंभ आपल्याच गावातून करावा. ज्या घरचा मुलगा किंवा मुलगी सैन्यात आहे, त्या घरी जाऊन आईबापांची परवानगी घ्यावी. भारतीय सैनिकाच्या पत्त्यात तो राहतो त्या जागेचे नाव नसते. त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण लिहून पुढे ‘५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ असे लिहितात, आणि पिनकोड ९ ह्या आकड्याने सुरू होतो. पुढचे काम लष्कराचे टपालखाते करते. ते १ मार्च १९७२ पासून स्वतंत्र दल म्हणून चालू आहे. हा पत्ता घरच्यांकडेच ठेवावा, सभेत वाचून दाखवू नये. ज्यांच्या ओळखीचा शिपाई नाही, त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारपूस करावी.

सामान थोडे लागते. जाड कागद, कात्री, पट्टी, डिंक, रंगाच्या कांड्या व शिंप्याकडील कापडाचे तुकडे पुरेत. जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून घेतल्यास खर्च आणखी कमी होईल. लिफाफा आधी घ्यावा व मग त्याच्या मापाने कार्ड कापावे. मुलांनी चित्रे काढावी, स्त्रियांनी कडा शिवाव्या, आणि एका वडील मनुष्याने प्रत्येक कार्ड उघडून तपासावे. टपालास वेळ लागतो. म्हणून नाताळाची कार्डे ऑक्टोबरातच करण्यास घ्यावी.

हल्ली शिपायाजवळ मोबाइल असतो, मग कार्ड कशास, असे कोणी म्हणेल. बोलणे संपले म्हणजे संपते. कार्ड आईच्या पेटीत राहते, आणि जी आई वाचू शकत नाही तीही त्यावरून हात फिरवू शकते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आभाराचे कार्ड व कोरे कार्ड ह्यांत भेद काय? शिपायास प्रत्येकाचा कोणता उपयोग होतो?
२. चमकी, तारीख व पत्ता ह्यांविषयीच्या नियमांची कारणे आपल्या शब्दांत सांगा.
३. आपल्या मंडळीने मागील वर्षी जी दाने दिली, त्यांपैकी कोणती घेणाऱ्याची गरज विचारून दिली होती?
४. आपल्या गावातील कोणत्या घरी ह्या आठवड्यात जाऊन विचारावयाचे, आणि कोणी जावयाचे, हे आजच ठरवा.