धाब्यावरचे एकटे पाखरू

अभ्यासासाठी शास्त्रभाग : स्तोत्र १०२:१-१२, गीतरत्न २:१०-१३, स्तोत्र ६८:६



बंगळूर शहराच्या उत्तरेस, बेल्लारी रस्त्यालगत, हेब्बाळचा तलाव आहे. जवळच्या उड्डाणपुलावरून विमानतळाकडे जाणाऱ्या वाहनांची रांग सहसा तुटत नाही. आणि त्या गोंगाटाच्या पायाशी पाण्यावर वारकरी, टिबुकल्या व पाणकोळी आपापल्या उद्योगात असतात. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास करंजाला कोवळी पोपटी पालवी फुटते. तेथील लोक या झाडाला ‘होंगे’ म्हणतात. आपल्याकडे जेव्हा पाडवा, तेव्हा तेथे उगादी. त्याच दिवसांत पहाटे, वाहनांचा आवाज वाढण्यापूर्वी, कोकीळ ओरडू लागतो.

नोकरीनिमित्त नगर, सोलापूर किंवा कोल्हापूर सोडून या भागात राहावयास आलेला एखादा मराठी माणूस तो स्वर ऐकतो, तेव्हा त्याच्या मनाचे काय होते? दुकानावरच्या पाट्या निराळ्या, शेजाऱ्यांचे बोलणे निराळे, उपासनेतील गीतेही पुष्कळदा निराळ्या भाषेतली; परंतु कोकीळ मात्र घरामागच्या आंब्यावर ओरडत असे, अगदी तसाच ओरडतो. यामुळे त्याला आनंद व्हावा अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात पुष्कळदा त्याचे मन अधिकच एकाकी होते. असे का व्हावे, आणि पवित्र शास्त्र या एकाकीपणाशी कसे वागते, हा आजच्या अभ्यासाचा विषय आहे.

१. लहान कवितेतला वसंत

वसंतावरील निसर्गकवितांत पक्ष्याचा स्वर आणि माणसाचे एकटेपण ही जोडी वारंवार आढळते. जपानी हायकू हा अवघ्या तीन ओळींचा काव्यप्रकार. मूळ भाषेत त्यात पाच, सात, पाच अशी सतरा ध्वनींची मांडणी असते आणि ऋतू सुचविणारा एखादा शब्द येतो. ‘उगुइसु’ या लहानशा गाणाऱ्या पक्ष्याचे नाव उच्चारले की जपानी वाचकाच्या मनात वसंत उभा राहतो. कोबायाशी इसा (१७६३-१८२८) या कवीची आई तो अगदी लहान असतानाच वारली. पुढे त्याची मुलेही बालपणीच दगावली. त्याच्या हायकूंत चिमण्या व त्यांची पिल्ले पुन्हापुन्हा येतात, यात नवल नाही. मराठीत हा काव्यप्रकार रुजविला तो शिरीष पै (१९२९-२०१७) यांनी.

अशा कवितेचे बळ तिच्या लहानपणात आहे. एकाकी माणसाजवळ फार शब्द नसतात. कवी पक्षी दाखवितो, फांदी दाखवितो आणि थांबतो. ‘मी दुःखी आहे’ असे तो सांगत नाही, आणि ‘दुःख करू नका’ असा उपदेशही करीत नाही. तीन ओळींनंतर जी शांतता उरते, तिच्यात वाचकाला स्वतःचेच मन ऐकू येते. वसंतात हे अधिक जाणवते, कारण त्या वेळी सारी सृष्टी जोडीने व थव्याने नांदताना दिसते; जो एकटा आहे, त्याचे एकटेपण त्या भरलेल्या चित्रात उठून दिसते.

२. पक्षी का गातो?

‘कोकिळा गाते’ असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः ती परिचित दीर्घ साद काळ्या नराची असते. ठिपकेदार मादीचा आवाज तुटक व कर्कश असतो. कोकीळ हिवाळ्यात कोठे दूरदेशी गेलेला असतो असेही नाही. बहुधा तो जवळपासच असतो, परंतु मुका असतो. दिवस मोठे होऊ लागले व विणीचा हंगाम आला की त्याला कंठ फुटतो. मादीला बोलाविणे आणि इतर नरांना आपली जागा कळविणे, हे त्या स्वराचे काम आहे.

येथे लक्षात घेण्यासारखी एक गोष्ट आहे. गाणाऱ्या पक्ष्यांच्या अनेक जातींत, ज्याला अद्याप जोडीदार मिळालेला नाही असा नर अधिक गातो. जोडी जमली की त्याचे गाणे पुष्कळ कमी होते. म्हणजे जे गाणे ऐकून आपण ‘पाखरू किती सुखी आहे!’ असे म्हणतो, ते कित्येकदा एकट्याने घातलेली साद असते. कवींना हे शास्त्र ठाऊक नसेल; पण त्यांच्या कानाने ते ओळखले होते. ज्याला कोणी ऐकणारा हवा आहे, तोच साद घालतो.

३. स्तोत्रकर्त्याची तीन पाखरे

आता स्तोत्र १०२ उघडा. शीर्षकावरूनच कळते की ही गांजलेल्या माणसाची प्रार्थना आहे. सहाव्या व सातव्या वचनांत तो स्वतःला तीन पाखरांची उपमा देतो : रानातला पाणकोळी, ओसाड जागेतले घुबड आणि धाब्यावर एकटेच राहिलेले लहान पाखरू. पहिल्या पाखराचा मूळ हिब्रू शब्द नेमका कोणत्या पक्ष्याचा, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. तरी जुन्या भाषांतरकारांनी स्वीकारलेला पाणकोळी घेतला, तर अर्थ फार मार्मिक होतो. पाणकोळी हा पाण्याचा पक्षी, आणि तो वसाहत करून घरटी बांधतो. मंड्या जिल्ह्यातील कोक्करेबेल्लूर गावी तर त्यांची घरटी माणसांच्या वस्तीतल्या झाडांवर असतात. असा पक्षी कोरड्या रानात एकटा उभा आहे! चिमणीसारखे लहान पाखरूही थव्यात राहणारे. तेच येथे धाब्यावर एकटे आहे. स्तोत्रकर्ता जणू सांगतो की मी जेथे असावयास हवा तेथे नाही, आणि ज्यांच्याबरोबर असावयास हवा ते माझ्याजवळ नाहीत. परमुलुखात राहणाऱ्याला याहून अचूक शब्द कोठे मिळतील?

मराठी वाचकाला येथे बालकवी ठोमरे (१८९०-१९१८) यांची ‘पारवा’ ही कविता आठवेल. ती वसंताची कविता नाही. पण पडकी धर्मशाळा, तिचे छप्पर आणि त्यावर एकटाच घुमणारा पक्षी हे तिचे चित्र या स्तोत्राच्या अगदी शेजारचे आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. बाराव्या वचनात स्तोत्रकर्ता परमेश्वराच्या सनातन राज्याकडे वळतो. परंतु ती पाखरे आणि हे वळण यांच्यामध्ये चार वचने आहेत, आणि ती चारही दुःखाचीच आहेत : शत्रूंची निंदा, राखेची भाकर, अश्रू मिसळलेले पेय, लांबत जाणारी सावली. पवित्र शास्त्राने ती गाळली नाहीत. आपण मात्र एकाकी माणसाला भेटलो की सातव्या वचनावरून थेट बाराव्यावर उडी मारतो.

४. गीतरत्नातील साद

गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायात वसंताचे सुंदर वर्णन आहे : हिवाळा सरला, पाऊस संपला, फुले दिसू लागली, होल्याचे घुमणे ऐकू येऊ लागले. आपल्याला पाऊस संपल्यावर वसंत हे चमत्कारिक वाटते, कारण आपला वसंत पावसाच्या आधी येतो. पॅलेस्टाईनमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून तेथे पाऊस सरला की वसंत. तेथील एक जातीचा होला स्थलांतर करणारा आहे. वसंतात तो परत येतो. यिर्मया ८:७ मध्ये, आपल्या येण्याची वेळ ओळखणाऱ्या पक्ष्यांत त्याची गणना आहे. म्हणून त्याचे घुमणे म्हणजे दूर गेलेला परत आल्याची खूण होय.

या वर्णनाच्या आधी व नंतर एकच विनंती आहे : ऊठ, आणि माझ्याबरोबर ये. वसंताचे हे सारे वर्णन म्हणजे कोणीतरी कोणाला तरी दिलेली हाक आहे. फुलांचे वर्णन हाकेसाठी आहे. साद आली की प्रतिसाद हवा.

५. नगरचे एक घर

हा प्रतिसाद कसा असतो, याचे एक उदाहरण आपल्याच मंडळीच्या इतिहासात आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि पत्नी लक्ष्मीबाई यांच्यापासून त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे दोघे एकत्र आली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचाही बाप्तिस्मा झाला. एकाकीपण म्हणजे काय हे या घराने पुरेपूर जाणले होते. याच टिळकांच्या अहमदनगरच्या घरी पुढे तरुण बालकवी काही काळ राहिले. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये ठोमऱ्यांच्या आठवणी मायेने लिहून ठेवल्या आहेत.

बालकवींची उदासी या घराने नाहीशी केली, असे म्हणता येणार नाही. ती त्यांच्या कवितेत राहिलीच, आणि १९१८ मध्ये आगगाडीखाली सापडून त्यांचा अकाली अंत झाला. परंतु त्या घरात त्यांच्यासाठी ताट मांडले जात होते व त्यांची कविता ऐकणारे कान होते. एकाकी असलेल्यांना देव कुटुंबात वसवितो, असे स्तोत्र ६८:६ सांगते. ते कुटुंब आकाशातून उतरत नाही. कोणीतरी आपले दार उघडते.

६. आपल्यासाठी

वाचकहो, तुम्ही स्वतः एकाकी असाल, तर त्याची लाज बाळगू नका. लांबलचक प्रार्थना सुचत नसेल तर लहान करा; स्तोत्रकर्त्याप्रमाणे जे पाखरू समोर दिसते, त्याचेच नाव देवापुढे घ्या. आणि तुमचे घर भरलेले असेल, तर उपासनेनंतर दाराशी घुटमळणाऱ्या नव्या माणसाकडे पाहा. त्याला वचन सांगण्यापूर्वी जेवावयास बोलवा आणि त्याच्या गावाचे नाव विचारा. प्रभु येशूच्या शिकवणीत दोन चिमण्यांना एक दमडी पडते (मत्तय १०:२९), पण पाच चिमण्यांना दोनच (लूक १२:६). पाचवी चिमणी फुकट, वरकड म्हणून टाकलेली. तिचाही देवाला विसर पडत नाही.

मननासाठी

१. स्तोत्र १०२ मधील तीन पाखरांपैकी कोणते तुमच्या आजच्या स्थितीला जवळचे वाटते? का?

२. तुमच्या मंडळीत ‘पाचवी चिमणी’ कोण आहे? या आठवड्यात तिच्या सादेला तुम्ही कोणता प्रतिसाद द्याल?

३. उद्या पहाटे पाच मिनिटे एखाद्या पक्ष्याचा स्वर ऐका, आणि तीनच ओळींत आपली प्रार्थना लिहा. चौथी ओळ लिहू नका. ती जागा ऐकणाऱ्या देवासाठी मोकळी ठेवा.