डिझेलमधील पाणी : दिवा लागण्याआधी आणि लागल्यावर



मृगाचा चांगला पाऊस झाला, वापसा आला, बी-बियाणे बांधावर आले आणि नेमका त्याच दिवशी ट्रॅक्टर बंद पडला, असा अनुभव आपल्यापैकी काहींना आला असेल. आमच्या घरच्या शेतीत असेच घडले. दोन तास पेरणी झाली आणि ट्रॅक्टर अडखळू लागला. पांढरा धूर सोडून बंद पडला. हवा काढून चालू केला, तर पुन्हा बंद. मिस्त्रींनी फिल्टरखालचा प्लग सैल केला, तेव्हा आधी डिझेल न येता पाणीच आले. समोरच्या पॅनेलवरचा पिवळा दिवा सकाळपासून लागलेला होता. तो कशाचा, हे चालवणाऱ्या मुलाला माहीत नव्हते आणि आम्हीही त्याला कधी सांगितले नव्हते. पंप दुरुस्त होऊन येईपर्यंत वापसा निघून गेला.

दुरुस्तीचा खर्च भरून निघतो, हुकलेली पेरणी भरून निघत नाही. म्हणून हा दिवा कसा काम करतो आणि तो लागूच नये यासाठी काय करावे, हे समजून घेऊ.

पाणी येते कोठून?

१) टाकीतील दव : अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते व रात्री गार होते. आतील हवेतली वाफ टाकीच्या पत्र्यावर दवासारखी जमते आणि थेंब होऊन खाली उतरते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने हे प्रमाण वाढते.

२) उघड्यावरचे बॅरल : उभ्या बॅरलच्या झाकणावर पावसाचे पाणी साचते. रात्री बॅरल गार झाले की आतील हवा आकसते आणि बुचाच्या आट्यांमधून ते पाणी आत ओढले जाते. बूच घट्ट असले तरी असे होऊ शकते. आमच्या घरी पाणी आले ते याच वाटेने.

३) ओले कॅन, ओले नरसाळे, टाकीच्या झाकणाचा फाटलेला वायसर आणि ट्रॅक्टर धुताना झाकणावर मारलेला पाण्याचा जोराचा फवारा.

पाण्याने नुकसान काय होते?

डिझेल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर डिझेलचे वजन साधारण ८२० ते ८४५ ग्रॅम भरते, तर पाण्याचे १००० ग्रॅम. त्यामुळे पाणी टाकीच्या तळाशी बसते. तेथून ते फिल्टरमध्ये व पुढे पंपात जाते.

इंजेक्शन पंपातील भागांना वंगण मिळते ते डिझेलचेच. या भागांमधील फट काही मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी असते. तेथे पाणी गेले की वंगण तुटते, गंज चढतो व भाग घासले जातात. गरम नोझलमध्ये पाण्याची एकदम वाफ होऊन नोझलचे टोकही खराब होते. शिवाय पाणी व डिझेल जेथे मिळतात त्या थरात सूक्ष्मजीव वाढतात आणि काळपट, बुळबुळीत साका तयार होऊन फिल्टर तुंबतो.

५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून उत्सर्जनाचे कडक निकष लागू झाले. यातील बहुतेकांत कॉमन रेल पद्धत आहे. तिच्यात इंधनाचा दाब १००० बारच्याही वर जातो. जुने इंजिन थोडे पाणी सहन करून नुसते अडखळत असे. नव्या पद्धतीत तेवढेच पाणी महागडे भाग निकामी करू शकते. म्हणूनच अशा यंत्रांत पाणी ओळखणारा सेन्सर बसवलेला असतो.

सेन्सर पाणी कसे ओळखतो?

घरावरची पाण्याची टाकी भरली की वाजणारा दोन तारांचा गजर आपण पाहिला असेल. पाणी दोन्ही तारांना टेकले की वीजप्रवाह पूर्ण होतो व गजर वाजतो. तत्त्व तेच आहे. फिल्टरच्या तळाच्या वाटीत दोन धातूच्या सळ्या असतात. डिझेलमधून वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून एरवी दिवा बंद राहतो. तळाशी साचलेले पाणी दोन्ही सळ्यांना टेकले की अतिशय कमी प्रवाह वाहतो आणि दिवा लागतो. दवाचे पाणी शुद्ध असल्याने वीज कमी वाहून नेते. पण टाकीतील गंज व क्षार त्यात उतरले की ते सहज ओळखले जाते.

दुसऱ्या प्रकारचा सेन्सर मोटारीच्या कंडेन्सरप्रमाणे दोन पट्ट्यांमध्ये विद्युतभार साठवतो. मध्ये काय आहे यावर हा साठा अवलंबून असतो. डिझेलसाठी हा गुणांक सुमारे २, तर पाण्यासाठी सुमारे ८० असतो. एवढ्या मोठ्या फरकामुळे पाणी लगेच कळते.

कोकणातील मच्छीमार बांधवांनाही हे तत्त्व उपयोगी आहे. नौकेच्या तळाशी साचणारे पाणी ओळखून गजर वाजवणारे किंवा पंप चालू करणारे सेन्सर मिळतात. खारे पाणी वीज चांगली वाहून नेत असल्याने दोन सळ्यांचा सेन्सर तेथे लवकर काम करतो.

मात्र एक मर्यादा लक्षात ठेवावी. सेन्सरला फक्त तळाशी वेगळे झालेले पाणी दिसते. डिझेलमध्ये विरघळलेले किंवा घुसळून दुधाळ झालेले पाणी त्याला नीट ओळखता येत नाही. दिवा बंद आहे म्हणजे डिझेल कोरडे आहे, असे समजू नये.

दिवा लागल्यावर काय करावे?

१) किल्ली फिरवल्यावर हा दिवा बहुतेक यंत्रांत काही सेकंद लागून विझतो. ती त्याची स्वतःची तपासणी असते. विझला नाही किंवा काम करताना लागला, तर इंजिन ताबडतोब बंद करावे. 'एवढी पाळी संपवू' असे म्हणू नये.

२) फिल्टरखाली स्वच्छ पारदर्शक भांडे धरून प्लग सैल करावा. नितळ डिझेल येईपर्यंत पाणी सोडावे. जवळ विडी-सिगारेट पेटवू नये.

३) प्लग घट्ट करून हातपंपाने हवा काढावी व मग इंजिन चालू करावे.

४) दिवा पुन्हा लागला तर पाणी टाकीत आहे असे समजावे. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी हलवण्यापूर्वी टाकीचा तळाचा प्लग उघडावा.

५) काढलेले पाणीमिश्रित डिझेल शेतात, नाल्यात वा विहिरीजवळ ओतू नये.

ज्यांच्या यंत्रात सेन्सर नाही त्यांनी

जुन्या ट्रॅक्टरला व डिझेल पंपाला आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी, सकाळी चालू करण्यापूर्वी फिल्टरमधील थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढावे. अर्धा तास स्थिर ठेवल्यास पाणी तळाशी दिसते. शंका राहिल्यास वायरमनकडील मल्टीमीटर ओहमवर लावून त्याच्या टोकांनी बाटलीच्या तळाचा द्रव तपासावा. डिझेलमध्ये काटा हलत नाही किंवा आकडा येत नाही, पाण्यात येतो. ही तपासणी टाकीपासून दूर व फक्त डिझेलचीच करावी, पेट्रोलची कदापि करू नये. टाकीत घरगुती तारा किंवा बॅटरी सोडण्याचा प्रयोगही करू नये.

पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाबाबत वेगळी काळजी घ्यावी. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. थोडे पाणी त्यात मिसळून जाते व दिसत नाही. जास्त झाले की इथेनॉलसह तळाशी वेगळे होते. म्हणून हंगाम संपल्यावर पेट्रोल टाकीत ठेवू नये.

पाणी येऊच नये म्हणून

काम संपल्यावर संध्याकाळीच टाकी भरावी, वर थोडी जागा सोडावी. बॅरल छपराखाली आडवे ठेवावे व दोन्ही बुचे आडव्या रेषेत घ्यावीत. उभेच ठेवायचे असल्यास थोडे तिरपे करावे, म्हणजे बुचावर पाणी साचणार नाही. बॅरलच्या तळाचे डिझेल सरळ टाकीत ओतू नये. डिझेल जाळीच्या कोरड्या नरसाळ्यातून भरावे. झाकणाचा वायसर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासावा.

बंधूंनो, सेन्सर हा शेवटचा पहारेकरी आहे. पहिला पहारा आपल्या बॅरलवर आणि टाकीवर हवा. आज संध्याकाळी ट्रॅक्टर चालवणाऱ्याला जवळ बोलवा, समोरचा तो दिवा दाखवा आणि लागल्यास काय करायचे ते सांगा. तेवढ्याने पुढच्या मृगाची पेरणी वाचेल.