सोरा, गंधक आणि कोळसा

खर्डा, ता. जामखेड,
कार्तिक वद्य 5

चि. श्रीधर यास काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. मिश्रणे वेगळी करण्याच्या निवळणे, गाळणे, संप्लवन, ऊर्ध्वपातन, स्फटिकीभवन या साऱ्या रीती तुला मुखोद्गत आहेत, परंतु परीक्षेत अनोळखी मिश्रण पुढे आले की त्यांपैकी कोणती योजावी हे सुचत नाही, ही तुझी तक्रार रास्त आहे. तिचे मूळ मात्र असे, की तू रीतींची नावे आधी घोकतोस आणि पदार्थांच्या गुणधर्मांकडे मागाहून वळतोस. हा क्रम उलटा धर. मिश्रणातले पदार्थ कोणत्या गुणात परस्परांहून भिन्न आहेत हे एकदा उमगले, की रीत आपसूक सुचते.

उदाहरण गावचेच घेतो. सुलतानराजे निंबाळकरांनी 1743 साली बांधलेला येथील भुईकोट तू पाहिलाच आहेस. 11 मार्च 1795 रोजी याच मुलखात पेशव्यांच्या व निजामाच्या फौजा भिडल्या आणि पराभूत निजामअलीने या कोटाचा आसरा घेतला. इतिहासाचे मास्तर तुला नाना फडणिसांची मसलत, परशुरामभाऊ पटवर्धनांचे सेनापत्य आणि शिंदे-होळकर-भोसल्यांची एकजूट समजावून देतील. मी तुझे लक्ष दोन्ही तोफखान्यांत ठासल्या गेलेल्या काळ्या दारूकडे वेधतो.

ही दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. त्यात सोऱ्याचा हिस्सा सुमारे तीन चतुर्थांश. ती कितीही बारीक खलली तरी तिच्यात सोरा सोराच राहतो आणि गंधक गंधकच. म्हणून तीवर पाणी घातले असता एकटा सोरा विरघळतो, आणि ते पाणी गाळून आटविले की तो परत हाती लागतो. गाळणकागदावर उरलेल्या काळ्या चोथ्यातला गंधक कार्बन डायसल्फाइडात उतरतो आणि कोळसा तेवढा मागे राहतो. परंतु हीच दारू एकदा पेटली, की नायट्रोजन व कार्बन डायऑक्साइड हे वायू सुटतात, पोटॅशियमचे कार्बोनेट व सल्फेट यांसारखे क्षार धुरात व नळीत उरतात, आणि मग गोदावरीचे सारे पाणी ओतले तरी त्या सोऱ्याचा कणही परत येत नाही. घटकांचे गुण जेथे शाबूत असतात ते मिश्रण, आणि जेथे ते लोपून नवे गुण उपजतात तेथे रासायनिक संयोग घडला, हा भेद याहून स्पष्ट मला दाखविता येणार नाही. मात्र हे प्रकरण कागदावरच राहू दे. दारू घरी करण्याच्या फंदात पडू नकोस, आणि ज्याची वाफ विषारी असून चटकन पेट घेते त्या कार्बन डायसल्फाइडाला मास्तरांच्या देखरेखीवाचून हात लावू नकोस.

आता हा सोरा येई कोठून? गोठ्यातील मातीत गुरांच्या मूत्रातला नत्र जंतूंच्या क्रियेने नायट्रेटाचे रूप घेतो. जुन्या भिंतींना लोणा फुटतो त्यातही तो पुष्कळदा सापडतो. बिहारातील नोनिया लोक अशी माती पाण्यात भिजवून तिचा निचरा धरीत. लाकडाची राख मिळविल्याने त्यातील कॅल्शियम नायट्रेटाचे पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सोरा होई, आणि खडूसारखा साका तळाशी बसे. पुढे ते पाणी कढईत आटविताना साधे मीठ आधी खाली पडे, ते झाऱ्याने काढून टाकीत, आणि उरलेले पाणी निवले की सोऱ्याच्या लांबट कांड्या धरत.

मीठ उकळत्या पाण्यात आणि सोरा थंड पाण्यात का खाली बसावा? 100 ग्रॅम पाण्यात 20 अंशांवर मीठ सुमारे 36 ग्रॅम विरघळते आणि उकळत्या पाण्यात केवळ 39. सोरा मात्र 20 अंशांवर सुमारे 32 ग्रॅम, तर उकळत्या पाण्यात 240 ग्रॅमांहूनही अधिक. शाळेच्या प्रयोगशाळेत 60 ग्रॅम सोरा व 5 ग्रॅम मीठ 100 ग्रॅम गरम पाण्यात विरघळवून 20 अंशांपर्यंत निववून पाहा: सुमारे 28 ग्रॅम सोरा खाली बसेल आणि मीठ सारेच्या सारे पाण्यात राहील. ते स्फटिक धुवावयाचे ते थोड्याशा बर्फाच्या पाण्याने, कारण शून्य अंशांवर तेवढ्याच पाण्यात सोरा 13 ग्रॅमच विरघळतो. कोमट पाणी वापरलेस तर मिळकतीतला मोठा वाटा धुण्यातच जाईल.

शेवटची ताकीद तराजूची. मिश्रण आधी तोलावे, निघालेला प्रत्येक घटक कोरडा करून तोलावा, आणि चोख कारकून जसा जमाखर्चाची बाकी जुळविल्याशिवाय दप्तर बांधीत नाही, तसा बेरजेचा मेळ बसल्याखेरीज प्रयोग संपला असे मानू नये. तूट आली तर काही भाग द्रावणात राहिला की गाळणकागदाला चिकटला, याचा तपास कर. वाढ दिसली तर बहुधा पदार्थ ओला आहे असे समज. मिळालेले आकडेच वहीत उतरव, पुस्तकाला हवे असलेले नव्हेत. परीक्षेत नवे मिश्रण आले की समासात प्रत्येक घटकापुढे चार गोष्टी मांड: पाण्यात विरघळतो का, चुंबकाला लागतो का, तापविल्यावर सरळ वायुरूप होतो का, आणि उकळतो किती अंशांवर. चारांपैकी जेथे अंतर पडेल तेथून आरंभ कर.

प्रयोग झाला की सारी वजने मला कळव, तूट आली असली तरी. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका