मकरसंक्रांत : उत्तरायण, आदानकाल व तीळ

सूर्याचा निरयन मकर राशीत प्रवेश म्हणजे मकरसंक्रांत. हा सण सध्या 14 किंवा 15 जानेवारीस येतो. आदल्या दिवशी भोगी, दुसऱ्या दिवशी किंक्रांत. तिळगूळ, सुगडांचे वाण व हळदीकुंकू हे आचार सर्वपरिचित आहेत.

संक्रांतीस उत्तरायणारंभ मानण्याची रूढी आहे. चित्रापक्षीय गणितानुसार इ.स. 285 च्या सुमारास दोन्ही एकाच दिवशी होती. अयनचलनामुळे सुमारे 72 वर्षांत एक अंश अंतर पडते; परिणामी आज उत्तरायण 21-22 डिसेंबरलाच सुरू होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायानुसार उत्तरायण हाच आदानकाल. शिशिरात हेमंतासारखे शैत्य असतेच, शिवाय आदानजन्य रौक्ष्यही वाढते. म्हणून स्निग्धोष्ण आहार संक्रांतीच्या एका लाडवापुरता न ठेवता डिसेंबरअखेरीपासूनच सांगावा.

भोगीची भाजी हे याचे उत्तम उदाहरण होय. तीतील पावटा अर्थात निष्पाव रूक्ष व वातकर आहे. सोबत तिळाचे कूट, बाजरीच्या भाकरीवर लोणी, ही योजना शास्त्रसंगतच आहे. टोकावडे परिसरात वाल-पावटा नेहमीच्या खाण्यातला असल्याने हे रुग्णांस समजावणे सोपे जाते.

तथापि तीळ उष्ण व पित्तकर, तर नवा गूळ कफकर व अग्निमांद्यकर आहे. रक्तपित्त व अत्यार्तव यांत तीळ, तर मधुमेहात गूळ वर्ज्य सांगावा. मधुमेही रुग्णास भाजलेले तीळ गुळाविना बेताने देता येतात. सणाच्या आग्रहाने पथ्य मोडते; याकरिता वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी ही सूचना सणापूर्वीच द्यावी.