जोडधंदा : गोठ्याच्या नावाचे घरचे दुकान



हमरस्त्याला शेत असलेली काही सभासद कुटुंबे घरचे दुकान काढण्याच्या विचारात आहेत. तूप, खवा, पेढे, त्याच्या जोडीला घोंगडी, घुंगुरमाळा, बेंदराच्या झुली, असा आपल्या गुराढोरांच्या परंपरेतला माल ठेवायचा. बेत चांगला आहे. पण पैसा घालण्यापूर्वी मुंबईच्या आरे कॉलनीची हकीकत ध्यानात घ्यावी, असे आम्हांस वाटते.

पूर्वी मुंबईत भरवस्तीत म्हशींचे तबेले होते. घाण फार, दुधात भेसळही फार. म्हणून १९४९ साली सरकारने गोरेगावजवळ आरे दूध वसाहत उभी केली. जागा सुमारे १,३०० हेक्टर, तीसहून अधिक गोठे आणि १५-१६ हजार जनावरांची सोय. म्हशी खासगी मालकांच्याच राहिल्या. गोठे व दुग्धशाळा सरकारची. या कामात पुढाकार घेणारे दारा खुरोडी यांना १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरातल्या छोट्या केंद्रांवर बाटलीतले दूध विकले जाई. गिऱ्हाईक 'आरे' हे नाव पाहून दूध घेई, कारण नावामागे गोठा होता. पुढे बऱ्याच केंद्रांवर इतर कंपन्यांचा माल आला आणि त्या नावाचे पूर्वीचे वजन राहिले नाही.

यावरून आपण काय घ्यावे?

१) घरी जेवढे दूध, तेवढाच दुधाचा माल विकावा. सणासुदीला बाजारचे तूप आणून आपल्या डब्यात भरू नये. एकदा हे फुटले की दुकान बसलेच म्हणून समजा.

२) हिशेब आधी मांडावा. म्हशीच्या दुधाला ७ टक्के फॅट धरली तर १ किलो तुपाला १५-१६ लिटर दूध लागते. तेवढ्या दुधाचे डेअरीत किती येतात, ते पाहून भाव ठरवावा. जळण आणि घरच्या बायकांची मजुरीही त्यात धरावी.

३) तोडणीच्या हंगामात वाढे भरपूर मिळते. पण वाढ्यातील ऑक्झॅलिक आम्लामुळे जनावराला कॅल्शियम कमी पडते. नुसत्या वाढ्यावर दुभते जनावर ठेवू नये. कडबा, द्विदल चारा आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे.

४) झुली, घोंगडी आपण करीत नसलो तर कारागिराचे गाव सांगूनच विकावी. त्यात कमीपणा नाही.

५) खाद्यपदार्थ विकण्यासाठी अन्न सुरक्षा कायद्याची (२००६) नोंदणी आधी करून घ्यावी.

पहिल्या वर्षी कर्ज काढून इमारत बांधू नये. दोन दुभती जनावरे, स्वच्छ भांडी आणि एक साधी टपरी एवढ्यावर सुरुवात करावी. वर्षभर गिऱ्हाईक परत परत येते असे दिसले, तरच पुढचा विचार करावा.