शिवसागराच्या काठाने

परदेशच्या प्रवासास गेलेले पुष्कळ लोक तेथील सरोवरांच्या काठाने पायी हिंडतात. स्कॉटलंडात लोमंड नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या पूर्व काठाने एक पायवाट डोंगराळ मुलखात जाते. तिची एकूण लांबी 154 किलोमीटर असून ती चालून संपविण्यास साधारणपणे आठवडा लागतो. अशा प्रवासाचा आनंद घेण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील मुलांना मात्र समुद्र ओलांडावयास नको. चिपळूण-खेडच्या पूर्वेस सह्याद्रीची जी उंच भिंत उभी आहे, तिच्या पलीकडेच शिवसागर जलाशय पसरलेला आहे.

कोयना नदी महाबळेश्वरास उगम पावते. सह्याद्रीला समांतर अशी ती दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेस वळते आणि कराड येथे कृष्णेस मिळते. या नदीवर 103 मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले. ते 1964 साली पूर्ण झाले आणि दरीत सुमारे पन्नास किलोमीटर लांबवर पाणी पसरले. तोच हा शिवसागर होय.

सातारा जिल्ह्यातील बामणोली हे जलाशयाच्या काठचे गाव. प्रवासी पहिला मुक्काम येथे करतात. पहाटे पाण्यावर धुके तरंगत असते आणि पलीकडचे डोंगर निळसर दिसतात. दुसऱ्या दिवशी लाँचने तास-दीड तास गेले, की वासोटा किल्ल्याचा पायथा येतो. हे कोयना अभयारण्य आहे. येथे वनखात्याची परवानगी घेऊनच पाऊल ठेवावे लागते, आणि रात्रीचा मुक्काम करता येत नाही. पुढची चढण इतक्या दाट अरण्यातून जाते, की भर दुपारीही पायवाटेवर ऊन उतरत नाही.

वासोट्याचा इतिहास रत्नागिरीशी निगडित आहे. 1661 साली शिवाजी महाराजांनी राजापूरची इंग्रजांची वखार लुटली. त्या वेळी कैद केलेल्या इंग्रजांना काही काळ याच दुर्गम किल्ल्यावर ठेवण्यात आले होते. गडाच्या पश्चिम टोकावर उभे राहिले, की एका बाजूस शिवसागराचे शांत पाणी आणि दुसऱ्या बाजूस छाती दडपून टाकणारा कडा दिसतो. कड्याच्या तळाशी खेड तालुक्यातील चोरवणे गाव आहे. जवळच डोंगरात नागेश्वराची गुहा आहे. महाशिवरात्रीस कोकणातील भाविक चोरवण्याहून हा अवघड चढ चढून तेथे दर्शनास येतात.

याच ठिकाणी भूगोलातील एक मोठी गोष्ट डोळ्यांना दिसते. कड्याच्या पूर्वेस पडलेला पावसाचा थेंब कोयनेतून कृष्णेस मिळतो आणि बंगालच्या उपसागराकडे जातो. पश्चिमेस पडलेला थेंब अरबी समुद्रास मिळतो. दोन थेंबांत अंतर हातभर. परंतु वाटा किती भिन्न! मानवाने मात्र हा नियम बदलला. शिवसागराचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून खोदलेल्या बोगद्यांनी पश्चिमेकडे वळविण्यात आले. सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पोफळी येथे डोंगरात कोरलेल्या भूमिगत वीजघरात ते पाणी प्रचंड वेगाने चक्रे फिरविते. 1962 साली तेथे वीजनिर्मितीस प्रारंभ झाला. कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता आज 1960 मेगावॅट आहे. पुढे हेच पाणी वाशिष्ठी नदीतून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीस जाऊन मिळते.

तथापि, हा जलाशय पाहताना केवळ मानवाच्या पराक्रमाचे कौतुक करून थांबणे योग्य नव्हे. या पाण्याखाली अनेक गावे आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की काठावरच्या जुन्या जमिनी उघड्या पडतात. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेते, घरे आणि देवळे सोडून तेथील लोकांना दूरदूरच्या ठिकाणी वस्ती करावी लागली. त्यांपैकी कित्येकांना आपल्या हक्कांसाठी पुढे अनेक वर्षे झगडावे लागले. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनानगर परिसरात तीव्र भूकंप झाला. त्यात पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. धरण उभे राहिले. परंतु साठविलेले पाणी आणि भूकंप यांच्या संबंधाचा अभ्यास करण्यासाठी जगभरचे शास्त्रज्ञ तेव्हापासून कोयनेकडे पाहू लागले.

प्रवासी बोटीने जातो, तेव्हा पाणी अगदी निश्चल दिसते. त्याच्या खाली काय आहे, हे पाणी स्वतः सांगत नाही. ते वाटेत भेटणाऱ्या वडीलधाऱ्या माणसांस विचारावे लागते. लाँच चालविणारे, गुरे राखणारे, चहाचे दुकान मांडणारे अशांपैकी कोणाचे तरी आजोळ त्या पाण्याखाली असते. ज्याने त्यांचे बोलणे ऐकले, त्याला घरातील दिवा लावताना त्या माणसांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

स्वाध्याय

1. कोयनेच्या पाण्याचा मूळ मार्ग आणि बोगद्यांमुळे झालेला नवा मार्ग नकाशात दाखवा.
2. राजापूर आणि वासोटा यांचा संबंध कसा आला?
3. ‘दोन थेंबांत अंतर हातभर; परंतु वाटा किती भिन्न!’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
4. धरणामुळे कोणाचा लाभ झाला व कोणाला त्याग करावा लागला, याविषयी दहा ओळी लिहा.